तिसऱ्यांतली रेंव

इंदूबायच्या हातात चहाचा कप दिला की ती चहाकडे बघायच्या आधी कपाकडे बघायची. भरलेला कप उलटा करता येत नाही, म्हणून तो डोळ्यांच्या वर धरून खालून बूड निरखायची आणि मग विचारायची, “भांडें खंयचें?” म्हणजे भांडं कुठलं? दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असं आपण म्हणतो. ही बाई ताक फुंकायच्याही आधी लोटा कुणाचा ते विचारणारी. पहिल्या दिवशी आमच्या मंडळींना, म्हणजे शैलाला, याचा इतका राग आला की दुसऱ्या दिवशी तिनं चहा दिलाच नाही. इंदूबायला ते कळलंसुद्धा नाही. ती स्वतःच्या काचेच्या पेल्यातलं पाणी पीत मागच्या पायरीवर बसली होती आणि आमच्या विहिरीच्या पंपाकडे संशयानं बघत होती.

मी पेडण्याच्या एका हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो. मुलगी लग्न होऊन फोंड्याला गेली आणि घराची मागची खोली रिकामी पडली. ती भाड्यानं द्यायची म्हटल्यावर मोपाच्या विमानतळावर नोकरीला असलेली मुलं येऊन बघून गेली. त्यांनी वायफाय आहे का ते विचारलं. इंदूबाय आली तिनं विचारलं, “मास्तर, नळाची पायप कसली? शिशाची, लोखणाची, काय प्लास्टिकाची?” आयुष्यभर पोरांचे प्रश्न ऐकलेला माणूस मी, पण हा प्रश्न मला नवा होता. खोली तिला दिली.

डॉक्टर इंदुमती गावस. मूळची डिचोलीजवळच्या सर्वणची, नोकरी समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत. माणसं पाण्यात जी विषं सोडतात ती समुद्रातल्या आणि खाड्यांतल्या प्राण्यांच्या अंगात किती साठतात, हे शोधणं तिचं काम. शिसं, पारा, बोटींना फासायच्या रंगातली औषधं, जुनी कीटकनाशकं, असं सगळं. पेडणे तालुक्यातल्या खाड्या तिच्या वाट्याला आल्या होत्या, म्हणून महिन्यातले काही दिवस ती आमच्याकडे राहायची. पन्नाशी उलटलेली, उंच, काटकुळी. कपाळावर टिकली नाही, हातात बांगडी नाही, कानांत काही नाही. शैलानं माझ्याकडे बघितलं आणि ती काय समजली ते मी समजलो. चार दिवसांनी तिचा नवरा तिचा विसरलेला चष्मा द्यायला स्कूटरवरून आला, तेव्हा कुठे शैलाचा जीव भांड्यात पडला.

टिकली का नाही, याचा खुलासा पुढे तिनंच केला. टिकलीच्या रंगात काय असतं, पावडरीत काय असतं, तोंडाला लावायच्या मलमात काय असतं, ते सगळं तिनं एका बैठकीत सांगितलं. आपल्या अंगावरचा कण बरणीत पडला तर तो खाडीच्या नावावर जमा होतो, म्हणून ती अंगाला काही लावतच नसे. शैलानं टिकल्यांचं पाकीट देव्हाऱ्यामागे टाकलं. मला मात्र म्हणाली, “हें सोवळें आमच्या सासूचेंय नाशिल्लें.”

सोवळं होतंच. खाडीवर जायच्या आदल्या दिवशी काचेच्या बरण्या आम्लात बुडवून, पुन्हापुन्हा विसळून, मागच्या कट्ट्यावर उपड्या मांडलेल्या असत. त्यांच्या आसपास फिरकायची कुणाची टाप नव्हती. एकदा छत्री धरायला म्हणून ती मला बरोबर घेऊन गेली आणि होडीत चढायच्या आधी माझ्या बोटातली अंगठी काढायला लावली. ती लग्नापासून निघाली नव्हती. साबण लावून, पिळून, लाल होईपर्यंत बोट ओढून ती एकदाची निघाली. घरी आल्यावर शैला म्हणाली, “इतलीं वर्सां निघना म्हणून सांगताले. बायेन सांगितल्यार निघली!” त्या अंगठीवरून मी अजून बोलणी खातो.

डॉक्टर हा शब्द गावात एकदा सुटला की परत येत नाही. आम्ही पाटी लावली नव्हती, तरी एका सकाळी शेजारची आजी गुडघा धरून पायरीवर येऊन बसली. इंदूबायनं तिला पाणी दिलं, गुडघा बघितला, आणि खरं ते सांगितलं, “आजे, माका जित्यांचें कळना गे. हांव मेल्लेल्यांक तपासतां.”

आजीनं जरा विचार केला आणि उठता उठता म्हणाली, “बरें तर. मागीर येतां.”

नंतर येते, या उत्तरावर इंदूबाय इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. तिचं हसणं मोठं होतं, घोड्यासारखं, आणि ती ते आवरायची नाही.

मेलेल्यांना तपासते म्हणजे काय, ते मी केरीच्या किनाऱ्यावर बघितलं. डॉल्फिनचं एक पिल्लू मरून वाळूत पडलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा रापणीची जाळी ओढणाऱ्या रापणकरांच्या बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं होतं, नारळ ठेवला होता, आणि पुरुष खड्डा खणत होते. मला वाटलं आता वाद होणार. इंदूबाय बाजूला सुरूच्या सावलीत जाऊन उभी राहिली. “आदी तुमचें जांव,” म्हणाली. त्यांचं गाऱ्हाणं झालं, फुलं वाहून झाली, मग ती पुढे झाली. हळद लागलेला भाग सोडून, पोटाकडची चरबी तिनं कापून घेतली, आणि कापायच्या आधी अगदी हळू म्हणाली, “माफ कर गे बाय.” मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

घरी येताना गाडीत ती बोलली. समुद्रातली कितीतरी विषं चरबीत बसतात, निघत नाहीत. मादीच्या अंगात ती वर्षानुवर्षं साठत राहतात. पण पिल्लू झालं की दुधातून उतरतात, आणि सगळ्यात जास्त पहिल्या पिल्लाच्या वाट्याला येतात. “पयल्या भुरग्याक आवय आपलें सगळें दिता मास्तर,” ती म्हणाली. “बरेंय दिता, वायटय दिता. तिका खबरूय नासता.”

त्या दिवशी तिच्या कपड्यांना जो वास होता त्याचं वर्णन करायला माझं मराठी अपुरं आहे. शैलानं ते लांबच्या माडाखाली वाळत घालायला लावले. पण संध्याकाळी ती आपणहून चहा घेऊन मागच्या पायरीवर गेली, आणि इंदूबायनं कप वर धरायच्या आतच म्हणाली, “चिनीमातीचो. म्हज्या माहेरचो. बूड पळय आनी पी.” तेव्हापासून त्या दोघींचं जमलं. शैला तिला इंदू म्हणू लागली आणि ती शैलाला वैनी.

तिला सारखं हे भांड्याचं वेड का, ते मला मयेच्या एका लग्नाला जाताना कळलं. वाटेत तिनं सर्वणला गाडी थांबवली. बांधावरून खाली हिरवंगार शेत होतं, दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणाली, लहानपणी पाऊस लागला की वरच्या अंगाला खाणीसाठी खणलेल्या डोंगरातून लाल पाणी या शेतात यायचं, शेतातून विहिरीत झिरपायचं. तिची आई ते फडक्यानं गाळायची. फडकं तांबडं व्हायचं, पाणी नितळ दिसायचं, आणि आई म्हणायची, जालें शुद्ध.

“मागीर?” मी विचारलं. कुणाला आजार झाला, कोण गेलं, असं काहीतरी ऐकायची मी मनाची तयारी केली होती.

“मागीर कांय ना. कोणाक कांय जालें काय ना, तें आयजून कळूंक ना. कोणेंच पळेलें ना मास्तर. वेळार पळोवपी आनी सांगपी एक मनीस आशिल्लो जाल्यार पुरो आशिल्लो.” वेळेवर बघून सांगणारा एक माणूस हवा होता, एवढं बोलून ती गाडीत बसली. लग्नात तिनं पंगतीत पत्रावळ कुठून आणली ते विचारलं नाही, यावरून ती बरीच अस्वस्थ होती हे ओळखावं.

आता मूळ गोष्ट. ज्या गावात ती घडली त्याचं नाव मी लिहीत नाही, त्या गावानं पुरेसं सोसलं आहे. गाव खाडीकाठचं. तिथल्या एका वाड्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायका ओहोटीला पाण्यात उतरून तिसऱ्या काढतात. पायाच्या अंगठ्यानं चिखल चाचपायचा, शिंपला लागला की वाकून हातानं काढायचा, असं त्यांच्या आज्यापणज्यांपासून चालत आलेलं. वाड्यात शब्द चाले तो रुक्माकाकीचा. साठीची, ठेंगणी, आवाज खणखणीत. पेडण्याच्या बाजारात तिची जागा ठरलेली आणि शैला तिचं जुनं गिऱ्हाईक. इंदूबाय त्या खाडीतला चिखल आणि मासे घेऊन गेली होती, तेव्हा रुक्माकाकीनं तिला “चिखल व्हरपी बाय”, चिखल नेणारी बाई, असं नाव ठेवलं होतं. चिखलात वाईट काही सापडलं नव्हतं. आता तिसऱ्या बघायच्या होत्या.

इंदूबाय स्वतः पाण्यात उतरल्याशिवाय कधी काही घ्यायची नाही. पण त्या वेळी आमच्याच मागच्या पायरीवर तिचा पाय मुरगळला आणि चांगली ओहोटी तर कुणासाठी थांबत नाही. बरण्या आधीच रुक्माकाकीकडे नेऊन ठेवल्या होत्या. तिनं फोन केला, “काकी, तिसऱ्यो काडून म्हज्या बरणींनी घाल. हात बरे धू. प्लास्टिकाक लावूं नाका.” काकीनं सांगितलेलं सगळं केलं. दुसऱ्या दिवशी गच्च झाकणं लावलेल्या बरण्या टेम्पोतून आमच्या दारात आल्या आणि इंदूबाय लंगडत त्या संस्थेत घेऊन गेली.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून शैलानं हातातली आदोळी, म्हणजे विळी, खाली ठेवली. “शिसें,” इंदूबाय म्हणाली. खूप होतं. पोटात गेलं तर मोठ्यांना वाईट, लहानांच्या मेंदूला फार वाईट, आणि पोटातल्या मुलाला सगळ्यात वाईट. मी विचारलं, मग चिखल स्वच्छ कसा? तिच्याकडे उत्तर तयार होतं. चिखलात अजून बसलं नसेल, पाण्यातून नव्यानं येत असेल. शैला म्हणाली, “मात्शें थांब गे. परत पळय आनी मागीर सांग.”

“सर्वणाक सगळीं थांबिल्लींच न्हय वैनी?”

शैलानं आदोळी परत पुढे ओढली.

देवळाच्या मांडपात गाव जमलं. इंदूबायनं उभं राहून, एकही शब्द अवघड न वापरता सांगितलं, की पुन्हा तपासून होईपर्यंत या खाडीतल्या तिसऱ्या खाऊ नका, विकू नका. पुरुष मोठमोठ्यानं बोलू लागले, कोण कुठल्या कारखान्याचं नाव घेतो, कोण कुठल्या बोटींचं. मग रुक्माकाकी उठली.

“बाय, आमी हें खावनच ल्हानाचीं व्हड जालीं. आमचें सोड. म्हजी सून गुरवार आसा, पोटुशी. पयलेंच. दर दिसा तिका तिसऱ्यांची कडी करून घातल्या हांवें. तिका कितें जातलें?”

इंदूबायनं सुनेचं रक्त तपासायला मागितलं. मला केरीचा किनारा आठवला आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

बातमीला पाय फुटले. पेडण्यातच नाही, म्हापशाच्या बाजारातही तिसऱ्यांकडे कुणी बघेना, मग त्या कुठल्याही खाडीतल्या असोत. वाड्यातल्या बायकांचा धंदा बसला. रुक्माकाकी आमच्या दारावरून पुढे जाताना “शैले” म्हणून हाक मारायची, ती बंद झाली. सुनेचं रक्त इंदूबायनं तपासायला पाठवलं होतं, त्याची वाट बघणं चालू होतं. नव्या तिसऱ्या घ्यायच्या तर पुढची मोठी ओहोटी यायला हवी होती, आणि या वेळी पाय मोडला तरी ती स्वतःच उतरणार होती. दरम्यान ती चहाचा कप दिला की सरळ पिऊन टाकायची. बूड बघायची नाही. शैला म्हणाली, “हें माका बरें दिसना. तिणें भांडें विचारिनासें केलां.”

रविवारी दुपारी शैलानं मुद्दाम तिसऱ्यांचं सुकं केलं. पलीकडच्या खाडीतल्या होत्या, तपासलेल्या, आणि कुणी घेत नव्हतं म्हणून एक बाई जवळजवळ देऊनच गेली होती. इंदूबाय जेवत होती, पण कुठेतरी दुसरीकडेच होती. पहिलाच घास घेतला आणि तिच्या दाताखाली कर्रकन वाजलं.

शैलाचा चेहरा उतरला. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटात तिसऱ्यांत रेंव लागणं, म्हणजे वाळू लागणं, ही घरच्या बाईची फजिती. तिसऱ्या आणल्या की रात्रभर पाण्यात ठेवायच्या, त्या तोंड उघडून पोटातली वाळू सोडतात, मग शिजवायच्या, हे पोरीसोरींनाही माहीत असतं. “अगो, सकाळींच आयल्यो,” शैला म्हणू लागली, “दवरपाक वेळ मेळूंक ना...”

इंदूबायनं हात वर केला. जिभेवरचा वाळूचा कण बोटावर घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही विचारणार, ही वाळू खंयची.

“वैनी,” ती म्हणाली, “म्हज्या बरणींतल्या तिसऱ्यांत रेंव नाशिल्ली.”

“बरें न्हय मगे तें?”

“एक कण नाशिल्लो! हांवें स्वतः फोडल्यो. माका बरें दिसलें, आमकां रातभर उदकांत दवरच्यो पडल्यो नात म्हणून. सरळ खाडयेंतल्यान काडिल्ल्यो, आनी रेंव ना? कोणेंतरी त्यो आदीच उदकांत दवरिल्ल्यो वैनी! कसल्या भांड्यांत? हांवें विचारूंकच ना! सगळ्या जगाक विचारतां, आनी काकीक विचारूंक ना!”

ती तशीच खरकट्या हातानं उठली, आणि मी तिच्या मागोमाग गाडीत बसलो. हात तिनं गाडीत पाण्याच्या बाटलीनं धुतला, आणि ती बाटली प्लास्टिकची होती.

रुक्माकाकी दारातच होती. ये म्हणाली नाही. इंदूबाय अंगणात उभी राहूनच म्हणाली, “काकी, त्या दिसा तिसऱ्यो तुवें कशांत दवरिल्ल्यो?”

काकी भडकली. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. “कशांत म्हळ्यार? रेंव आशिल्ल्यो तिसऱ्यो पावण्याक कोण दिता गे? तूं व्हडली बाय, तूं त्यो व्हडल्या मनशांक दाखयतलें. ह्या वाड्यान रेंव घालून धाडल्यो म्हणून नांव वचूंक जाय आशिल्लें? लग्नाचें तपेलें काडलें हांवें तुजे खातीर! देवळांतल्यान दोगां बायलांनी उखलून हाडलें!”

तपेलं बघायला आम्ही देवळामागच्या खोलीत गेलो. वाड्याच्या मालकीचं, तांब्याचं, आतून कल्हई केलेलं, लग्नाला नाहीतर जत्रेच्या समाराधनेला बाहेर निघणारं. जत्रेआधी नवी कल्हई झाली होती. कुणी फिरता कल्हईवाला दारावर आला होता, नेहमीच्यापेक्षा कमी घेत होता. आतून भांडं लखलखत होतं. इंदूबायनं आत हात घालून नखानं खरवडलं. नखावर करडी रेघ उठली. तिनं ती उजेडात धरली, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मला आधी कळलंच नाही. मला वाटलं ती रडते आहे. ती घोड्यासारखी हसत होती.

चांगली कल्हई कथलाची. कथील महाग, म्हणून काही लोक त्यात शिसं मिसळतात. त्यात खाडीचं खारं पाणी रात्रभर भरून ठेवलं, आणि पाण्यात जे असेल ते गाळून पोटात घेणाऱ्या तिसऱ्या त्यात सोडल्या. मानाचं भांडं काढलं नसतं, घरातल्या मडक्यात ठेवल्या असत्या, तर यातलं काहीच झालं नसतं.

पण नखावरच्या रेघेवरून गावाला सांगणारी ती आता उरली नव्हती. कल्हईचा चुरा तिनं तपासायला नेला. मोठी ओहोटी आली तेव्हा सुजलेला पाय घेऊन ती खाडीत उतरली. चिखलात तिला तोल सांभाळता येईना. शेवटी रुक्माकाकीच, तोंड फुगवलेलंच, पण पाण्यात आली आणि तिनं तिचा दंड धरला. एकीनं धरायचं, दुसरीनं वाकायचं, शिंपला थेट बरणीत. काठावरून मी छत्री धरून बघत होतो. अंगठी घरी ठेवली होती.

ती निकाल घेऊन आली त्या दुपारी आम्ही दोघं व्हरांड्यात होतो. फाटकातूनच तिनं दोन्ही हात वर केले आणि ओरडली, “वैनी, निवळ! सगळें निवळ!” तिसऱ्या खाण्यासारख्या होत्या. शिसं कल्हईत होतं. सुनेच्या रक्तात काळजीचं काही निघालं नव्हतं. मग ती पायरीवर बसली, पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावली आणि रडली. शैलाही रडली. मला वाटलं होतं, बातमी चांगली आली तर आनंद होईल. पण छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं झालं, आणि इतके दिवस आपण श्वास किती थोडा घेत होतो ते कळलं.

तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर पत्रक काढलं असतं. इंदूबाय पुन्हा त्याच मांडपात उभी राहिली. “चूक म्हजी,” ती म्हणाली. “खाडीची न्हय, तिसऱ्यांची न्हय, काकीची तर न्हयच. तिणें मानान दिलें. भांडें विचारप हें म्हजें काम. तें हांवें केलें ना. कित्याक, तेंय सांगतां. ल्हानपणापसून जें येतलें म्हणून हांव भियेतालें, तेंच कागदार आयलें. भिल्लो मनीस चड विचारिना, बेगीन विश्वास दवरता.”

मागून कुणीतरी ओरडलं, “आनी आमचे दीस गेले ते?”

“ते म्हज्यान परते दिवंक जावचे ना,” ती म्हणाली, आणि हात जोडले. ओरडणाराही खाली बसला.

दिवस परत देता आले नाहीत, पण दुसऱ्या सकाळपासून ती पेडण्याच्या बाजारात रुक्माकाकीच्या पाटीशेजारी जाऊन बसली. एवढी शिकलेली बाई, सुजलेला पाय पुढे पसरून, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “तिसऱ्यो खावं नाकात म्हणिल्ली ती हांवच. आतां खायात.” एका शहाण्यानं तिला सर्टिफिकेट आहे का विचारलं. ती म्हणाली, “हांव आसां न्हय हांगा बशिल्लें?” त्यानं मुकाट्यानं पिशवी पुढे केली. ती बसायची त्या दिवसांत काकी तिच्याशी फारसं बोलली नाही. उन्हं वर आली की आपल्या डोक्यावरची चुंबळ सोडून तो कपडा तिच्या डोक्यावर टाकायची, इतकंच.

तपेलं खरवडून, खऱ्या कथलाची कल्हई होऊन परत देवळात गेलं. कल्हई होत असताना इंदूबाय त्या माणसाच्या डोक्यावर उभी होती, त्या गरिबाला घाम फुटला. काम झाल्यावर मला म्हणाली, “मास्तर, ही खाडी आयज बरी आसा. फाल्यां परत पळोवचें पडटलें.” हेही ती हसत म्हणाली, पण म्हणाली.

पुढे तिची बदली झाली. पूर्वेच्या किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांवर काम करायचं होतं. मोपाच्या विमानतळावर जायला गाडी आमच्या फाटकाशी उभी होती, पेट्या चढल्या होत्या, बरण्या कागदात गुंडाळून झाल्या होत्या. एवढ्यात एका पायलटच्या, म्हणजे भाड्यानं माणसं नेणाऱ्याच्या, मोटारसायकलवर मागे बसून रुक्माकाकी आली. मांडीत काहीतरी पदराखाली धरलेलं.

“सून बाळंत जाली,” उतरता उतरताच म्हणाली. “चली जाली, नात म्हजी. बरी आसा, टणटणीत. गांव उठयता रडून.” आणि पदराखालची काचेची बरणी काढून इंदूबायच्या हातात दिली. तिचीच, कधी त्या वाड्यात राहून गेलेली. आत तिसऱ्या, ओल्या, काळसर, चिखलाचा वास येणाऱ्या.

इंदूबायनं सवयीनं बरणी डोळ्यांच्या वर धरली. बुडाशी वाळूचा थर बसला होता.

“रेंव आसा हां,” रुक्माकाकी म्हणाली.

शैला पुढे झाली, “अगो काकी, मात्श्यो धुवन तरी...”

“पावण्याक दितना धुवच्यो,” काकी म्हणाली. “घरच्या मनशाक अशोच चलतात.”

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. इंदूबाय पादत्राणं काढून परत स्वयंपाकघरात गेली, शैलाला म्हणाली, वैनी, उकड. शैलानं त्या तशाच उकडल्या, आणि ती चुलीपाशी उभ्याउभ्या, शिंपले उघडून, बोटांनी खाऊ लागली. कुठलं भांडं ते तिनं विचारलं नाही. शेवटच्या थोड्या हातात घेऊनच ती गाडीत बसली. गाडी वळली तेव्हा काच खाली होती, तिच्या गालात घास होता आणि डोळे भरलेले होते. तिच्या दातांखाली वाजलेली करकर फाटकापर्यंत ऐकू आली, असं शैला सांगते. मी मराठीचा मास्तर, अतिशयोक्ती मला लगेच ओळखता येते. पण ती वाळू तिनं थुंकली नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं.